पानिपत, मे महिना

बाबर पानिपतला एप्रिलात आला, सदाशिवरावभाऊ दिवाळीच्या तोंडावर. इब्राहिम लोदीशी बाबराची लढाई 21 एप्रिल 1526 रोजी झाली आणि अर्ध्या दिवसात निकालात निघाली. मराठ्यांचा तळ 1760 च्या ऑक्टोबरअखेरीस पडला, तो 14 जानेवारी 1761 पर्यंत हलला नाही. धुकं, गारठा, तुटलेली रसद, उपासमार हे सगळं शाळेपासून वाचत आल्यामुळे मराठी माणसाच्या मनातलं पानिपत कायम हिवाळ्यातलं असतं. आपली माणसं तिथे जातात तीही जानेवारीतच, काला अंबच्या स्मारकावर फुलं वाहायला. मे महिन्यात तिकडे फिरकायचं काही कारण नसतं. एक आहे, पण ते खाण्याचं आहे.

बाबराला हिंदुस्थानात जे खुपलं ते त्याने आत्मचरित्रात न लाजता लिहून ठेवलं. इथे चांगले घोडे नाहीत, बर्फ नाही, हमामखाने नाहीत, आणि चांगलं खरबूज नाही. 1529 च्या सुमारास कुणी आणून दिलेलं खरबूज कापताना मुलखाच्या आठवणीने त्याला रडू आलं, हेही त्याने लपवलेलं नाही. पुढे बल्खच्या माळ्याकडून आग्र्याच्या बागेत त्याने खरबुजं लावून घेतली आणि ती चांगली निघाल्यावर त्याचा जीव जरा थाऱ्यावर आला. पानिपतात त्याने बांधलेली काबुली बाग मशीद अजून उभी आहे. मशिदीपासून बाजारात यायला वेळ लागत नाही, आणि मे-जूनमध्ये त्या बाजारातल्या हातगाड्या पाहिल्या तर त्याच्या तक्रारीतली निदान एक बाब निकाली निघालेली दिसते.

शहरातून सनौलीचा रस्ता धरला की तो पूर्वेला यमुनेकडे जातो. पूल ओलांडला की उत्तर प्रदेश सुरू होतो, आणि पहिलं मोठं गाव लागतं ते कैराना. अब्दुल करीम खाँसाहेब इथले. ते मिरजेला येऊन राहिले आणि किराणा घराणं आपलं झालं. पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे, नदी दरवर्षी जिथे पसरते आणि मागे सरते, त्या पट्ट्याला इथे खादर म्हणतात. पुराचं पाणी जिथे पोचत नाही ती वरची जमीन म्हणजे बांगर. बांगरात गहू, ऊस आणि भात. खादरातल्या नुसत्या वाळूत मात्र पालेज असते. पालेज म्हणजे नदीच्या पात्रातली वेलवर्गीय शेती: खरबूज, टरबूज, काकडी, दोडका, दुधी. ती करणाऱ्यांत मल्लाह आणि कश्यप कुटुंबं बरीच. जमीन बहुधा त्यांची नसते, हंगामापुरती ठेक्याने घेतलेली असते. कागदावर जमीन कुणाचीही असो, दरवर्षी ती कुठून कुठपर्यंत उरेल ते नदी ठरवते.

या शेतीचं वेळापत्रक बघण्यासारखं आहे. पावसाळा संपून पाणी ओसरलं, दिवाळी झाली, की वाळूत चर खणायला सुरुवात होते. चर गुडघाभर खोल आणि हात-दीड हात रुंद असतो. कोरड्या वाळूखाली ओल लागेपर्यंत खणायचं, मग त्यात कुजलेलं शेणखत भरायचं. वरची वाळू दिवसा तापते आणि रात्री गारठते, पण खाली ओल टिकून असते. खरबुजाचं मूळ तिथवर पोचलं की वेलाला वरून पाणी घालायची गरज फारशी उरत नाही. बी थेट पेरत नाहीत. आधी भिजवून ओल्या फडक्यात बांधतात आणि ते गाठोडं शेणखताच्या उबेत दाबून ठेवतात. तीन-चार दिवसांनी फडकं सोडलं की प्रत्येक बीच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढा पांढरा कोंब आलेला असतो. असं मोड आलेलं बी एकेक करून चरात लावायचं. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत चालतं, म्हणजे काला अंबवर मराठी मंडळी जमतात त्याच दिवसांत काही मैलांवर उन्हाळ्याची तयारी सुरू झालेली असते. वायव्येकडून येणारा गार वारा कोवळ्या रोपांना जाळू नये म्हणून चरांच्या त्या बाजूला सरकंड्याच्या गवताचे कूड उभे करतात. ऊन वाढलं की तेच गवत वेलांखाली अंथरतात. वेल त्याला धरून पसरतो आणि फळ तापल्या वाळूवर टेकत नाही.

मार्चअखेरीला फुलं येतात. खरबुजाचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. तेवढ्या वेळात मधमाशी आली पाहिजे, आणि एकदाच येऊन भागत नाही. फळात शेकडो बिया असतात आणि दर बीला परागकण लागतो. माश्या कमी पडल्या की फळ एका अंगाने फुगतं, एका अंगाने आखडतं. बाजारात वेडंवाकडं खरबूज दिसलं तर त्याची कथा बहुतेक वेळा त्या एका सकाळची असते.

पानिपतच्या दक्षिणेला, नदीच्या पलीकडे बागपत जिल्हा लागतो. 1760 च्या ऑक्टोबरअखेर अब्दालीने यमुना ओलांडली ती बागपतपाशी. पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे. त्याच जिल्ह्यात यमुनेकाठी कुताना नावाचं गाव आहे. सरधन्याची बेगम समरू तिथली, असं सांगतात. कुताना हेच नाव एका खरबुजाचंही आहे. या पट्ट्यातल्या वेलांतून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेला तो स्थानिक वाण. दिल्लीच्या पुसा संस्थेने त्याचा पीएमआर-6 या अमेरिकी वाणाशी संकर केला आणि ‘पुसा शरबती’ निघालं: जाळीदार साल, केशरी गर, आणि आतली बियांची पोकळी लहान. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने उत्तरेतल्या स्थानिक बियाण्यातूनच निवडलेलं ‘हरा मधु’ अगदी वेगळं. साल फिकट, त्यावर हिरवे पट्टे, गर हिरवा, आणि गोडी अशी की रसातल्या विद्राव्य घटकांचं प्रमाण 13 टक्क्यांपर्यंत जातं. दहाच्या वर गेलं तरी खरबूज चांगलं समजतात. त्याच विद्यापीठाचं ‘पंजाब सुनहरी’ केशरी गराचं. ‘पंजाब हायब्रिड-1’ हे तर नरवंध्य मादीवेल वापरून केलेलं देशातलं सुरुवातीचं संकरित खरबूज, त्याचा बाप हरा मधुच. पानिपत-कर्नालच्या जुन्या गिऱ्हाइकाला विचारा, ते हऱ्या मधुचीच बाजू घेईल. माझी जीभही तिकडेच झुकते. पण पोषणाचा हिशेब मांडला की ही बाजू लंगडी पडते.

100 ग्रॅम केशरी खरबुजात 90 ग्रॅम पाणी असतं. उष्मांक 34. साखर आठ ग्रॅमच्या आत, तंतू जेमतेम एक ग्रॅम, पोटॅशियम 267 मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व 37 मिलिग्रॅमच्या आसपास. आणि बीटा कॅरोटिन 2000 मायक्रोग्रॅमच्या वर. याच बीटा कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. गराचा केशरी रंगही त्याचाच, म्हणजे इथे रंग हेच औषध आहे. हिरव्या गराच्या हनीड्यूमध्ये साखर-पाणी जवळजवळ तेवढंच, पण बीटा कॅरोटिन 30 मायक्रोग्रॅम आणि क जीवनसत्त्व निम्मं. हऱ्या मधुचे नेमके आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण हिरव्या गरातून केशरी गराचं काम होणार नाही. घरात गर्भार बाई किंवा वाढतं मूल असेल तर केशरी घ्यावं. 200 ग्रॅम केशरी खरबुजातून बाईची दिवसभराची क जीवनसत्त्वाची गरज (65 मिलिग्रॅम) भागते आणि अ जीवनसत्त्वाची 40 टक्के. एवढं देऊन फळ 68 उष्मांकांवर थांबतं. उन्हाळ्यात घामावाटे पाणी आणि क्षार जातात, तेव्हा यापेक्षा स्वस्तात भरपाई करणारं फळ शोधावं लागेल.

मधुमेह असलेल्यांना खरबूज वर्ज्य आहे हा समज अर्धवट आहे. साखर रक्तात लवकर चढते हे खरं, पण पाणीच इतकं की वाटीभर फोडींत साखर फार भरत नाही. वाटीवर थांबावं आणि रस काढून पिऊ नये, एवढं पथ्य पुरे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. भावप्रकाशात खरबुजाला शीतल, बल देणारं आणि लघवी साफ करणारं म्हटलं आहे. दुधाबरोबर फळ खाऊ नये हा आयुर्वेदाचा दंडक मोडून आपण मिल्कशेक करतो. कुणाला बाधतो, कुणाला नाही. आपलं पोट ओळखून काय ते ठरवावं.

आता निवडीचं. लोक खरबूज टिचकी मारून वाजवतात ते मला कधी कळलेलं नाही. टिचकी टरबुजासाठी असते. खरबूज आतून पोकळच असतं, ते कसंही वाजेल. खरबुजाची सगळी माहिती त्याच्या दोन टोकांना असते.

एक टोक देठाचं. फळ पूर्ण पिकलं की देठ आणि फळ यांच्यामध्ये पेशींचा एक थर आपोआप सुटा होतो. आधी देठाभोवती बारीक चीर दिसते, मग चीर वर्तुळभर फिरते, आणि शेवटी नुसता अंगठा लावला तरी फळ वेलावरून निघून येतं. अशा फळाच्या डोक्यावर गोल, गुळगुळीत, किंचित आत गेलेला खळगा राहतो. देठाचा तुकडा चिकटलेला नाही, काप नाही, सालीचा लचका नाही. बाजारातले विक्रेते ‘डाल का पका’ म्हणून ओरडतात, तो दावा तपासायची जागा हीच. उलट ज्या फळाला इंचभर देठ लटकतोय किंवा जिथे चाकूचा तिरपा काप दिसतोय, ते वेलावरून आधीच काढलेलं. ‘हरा मधु’सारख्या बिनजाळीच्या फळात सालीचा रंगही पाहावा. पट्ट्यांमधली पांढुरकी जागा पिवळसर झाली की ते तयार. जाळीदार जातीत जाळीखालची हिरवट छटा जाऊन पिवळट आली पाहिजे, आणि जाळी बोटाला उठावदार लागली पाहिजे.

दुसरं टोक फुलाचं, देठाच्या बरोबर विरुद्ध. अंगठ्याने हलकं दाबलं तर किंचित दबावं. फार दबलं तर फळ उतरायला लागलंय. मग ते टोक नाकाशी न्यावं. गोड, कस्तुरीसारखा वास आला तर दुसरं काही बघायची गरज नाही. वासच नसेल तर फळ कच्चं, आणि आंबूस वास असेल तर कालचं. त्यानंतर वजन: एकाच आकाराच्या दोन फळांतलं जड ते घ्यावं. एका बाजूला फिकट टक्कल पडलेलं असतं, त्याला घाबरायचं कारण नाही. फळ जिथे टेकलेलं होतं तीच ही जागा.

देठावर एवढा भर द्यायचं कारण खरबुजाच्या पोटात आहे. केळं किंवा आंबा कच्चा काढला तरी आढीत गोड होतो, कारण त्यात साठवलेल्या स्टार्चची पुढे साखर होते. खरबुजात स्टार्चचा साठा नसतो. साखर पानांतून येते, ती देठातून फळात उतरते, आणि ती प्रामुख्याने शेवटच्या दिवसांतच भरते. देठ तुटला की साखरेचा रस्ता बंद. नंतर फळ मऊ होईल, पिवळं पडेल, वास सुटेल, पण जेवढं गोड होतं तेवढंच राहील. मऊ होणं आणि वास येणं हे इथिलीन वायूचं काम, आणि तो वायू शेजारच्या फळालाही लागतो. खरबुजाला पाहून खरबूज रंग बदलतं ही हिंदी म्हण लोक माणसांबद्दल वापरतात. टोपलीतल्या खरबुजांबद्दल ती अक्षरशः खरी आहे. रंग बदलतो, गोडी नाही. घरी आणून कागदात गुंडाळून ठेवलेलं कच्चं खरबूज फसवतं ते असं.

आणि म्हणूनच जवळचं खरबूज आणि लांबचं खरबूज ही दोन वेगळी फळं असतात. देठ आपसूक सुटल्यावर काढलेलं फळ दोन-तीन दिवसांत खाऊन टाकावं लागतं. खादरातून पानिपतच्या मंडईत किंवा दिल्लीच्या आझादपूरला जायला ते ठीक. हजार-पंधराशे किलोमीटरचा ट्रक धरायचा तर देठाची चीर अर्धी फिरली असतानाच तोडावं लागतं. बियाणं कंपन्यांचे संकरित वाण त्यासाठीच: जाड साल, घट्ट गर, दाट जाळी, दणकट बांधा. महाराष्ट्रात बॉबी, कुंदन ही नावं शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. प्लॅस्टिकचं आच्छादन, ठिबक, वर कापडी क्रॉप कव्हर अशा सरंजामात खरबूज महिना-दीड महिना आधी आणता येतं. आणावंच लागतं, कारण मोठं गिऱ्हाईक रमजानचं असतं आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2025 ला तो मार्चमध्ये होता, 2026 ला फेब्रुवारीतच लागला. तेव्हा खादरात नुकते कोंब लावलेले असतात. म्हणजे रोजा सोडताना पानिपतच्या ताटात येणारं खरबूज महाराष्ट्र-आंध्र-कर्नाटकाकडून आलेलं असतं आणि दारातली पालेज तेव्हा कुणाच्याच उपयोगाची नसते. आपला शेतकरी लागवडीची तारीख चंद्र बघून मागेपुढे करू शकतो, तशी यमुनेकाठच्या माणसाला करता येत नाही. त्याची तारीख नदीच्या हाती.

हे वाचून आपल्याकडच्या वाचकांपैकी काहींना डांगरवाडी आठवेल. विदर्भात आणि खानदेशात उन्हाळ्यात नदी आटली की भोई, ढीवर मंडळी पात्रात वाडी करायची: डांगरं, टरबुजं, काकड्या. गोदावरी, तापी, वर्धा, वैनगंगेच्या काठी ऐन उन्हात हिरवे पट्टे दिसत. धरणं झाली, पाणी केव्हा सुटेल याचा भरवसा राहिला नाही. मग वाळूचे लिलाव झाले, ट्रॅक्टर पात्रात उतरले, आणि वाडीला लागणारी वाळूच उरली नाही. यमुनेतही वाळूउपसा आहेच. पानिपत, सोनीपत आणि बागपतच्या मधल्या पात्रातला उपसा हा दोन्ही राज्यांत वर्षानुवर्षं भांडणाचा विषय आहे. नदीचा स्वभाव मात्र वेगळा. हथनीकुंड बंधाऱ्यावरून जुलैत पाणी सुटलं की खादर पाण्याखाली जातं. 2023 च्या जुलैत दिल्लीत यमुनेने 208.66 मीटरची विक्रमी पातळी गाठली तेव्हा वरचा पानिपतचा पट्टाही बुडाला होता. पालेजवाल्याचं त्यात फारसं जात नाही, त्याचं पीक तोवर विकलेलं असतं. उलट पूर वाळूवर गाळाचा नवा थर देऊन जातो.

पुरापेक्षा वाईट गोष्ट वर्षभर वाहते. पानिपत हे गालिचे, सतरंज्या, ब्लँकेटं आणि जगभरातून येणाऱ्या जुन्या लोकरी कपड्यांपासून सूत काढणाऱ्या कारखान्यांचं शहर. तिथल्या रंगकामाचं सांडपाणी ड्रेन क्रमांक दोनमधून खोजकीपूरजवळ यमुनेला मिळतं, आणि दिल्लीच्या पाणीपुरवठ्यात अमोनिया वाढला की या नाल्याचं नाव हमखास निघतं. दिल्लीच्या हद्दीत तर राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी 2015 मध्ये यमुनेच्या पूरपट्ट्यात खाण्याची पिकं घेण्यावर बंदी घातली. ही बंदी मला एकतर्फी वाटते. घाण सोडणारा वर बसला आहे, आणि शेत बंद झालं ते खाली वाळूत राबणाऱ्याचं. तरी ग्राहकाने डोळे मिटून घ्यावेत असंही नाही. पानिपतात खरबूज घेताना ते नाल्याच्या वरच्या अंगाचं की खालच्या, हे विचारायला हरकत नाही. सनौलीकडचं असेल तर ते वरचं.

शेत कुठलंही असो, धुण्याला सुटका नाही. खरबुजाच्या जाळीत माती आणि जंतू अडकतात, आणि गर आंबट नसल्यामुळे सुरीबरोबर आत गेलेला जंतू तिथे मजेत वाढतो. 2011 साली अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका शेतावरच्या कँटालूप खरबुजांमधून लिस्टेरिया हा जंतू पसरला. 147 जण आजारी पडले, 33 दगावले. साल काढूनच खायच्या फळाला घासून कोण कशाला धुवेल, असं वाटून आपण सालीवरून नळाचं पाणी सोडतो आणि सुरी चालवतो. आधी ब्रशने घासून धुवावं, पुसावं, मग कापावं. कापलेलं दोन तासांत फ्रिजमध्ये जावं. हातगाडीवर बर्फाच्या लादीवर मांडलेल्या फोडी दिसायला कितीही देखण्या असोत, त्या सोडाव्यात. पूर्वी उत्तरेत हैजाच्या साथीत खरबुजावर संशय घ्यायचे आणि खरबुजावर पाणी पिऊ नको म्हणून पोरांना दटावायचे, ते उगाच नव्हतं. दोष फळाचा नव्हता एवढंच.

इथलं खाणं साधं असतं. फळ दुपारी बादलीतल्या पाण्यात टाकून ठेवायचं, संध्याकाळी कापायचं, वर वाटलं तर काळं मीठ. आपल्याकडे कोकणात चिबडाच्या फोडींवर साखर पेरतात तसं इथेही कमी गोड निघालेल्या फळावर बुरा साखर पेरून ते थोडा वेळ मुरू देतात. जपानमध्ये 2019 साली युबारी खरबुजांच्या एका जोडीला लिलावात 50 लाख येन मिळाले, तिथे साखर पेरायची वेळ येत नसणार. हरियाणाच्या स्वयंपाकघरात खरबुजाचं खरं आश्चर्य वेगळंच आहे: काचरी. अंड्याएवढं, शेतात आपोआप उगवणारं हे आंबटसर फळ खरबुजाचंच रानटी भावंड. लाल मिरची आणि लसणाबरोबर वाटली की तिची चटणी बाजरीच्या भाकरीला लागते, आणि वाळवून पूड केली की मटण शिजायला टाकण्याआधी चोळतात. खरबुजाच्या जातकुळीत प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं, ते मांस मऊ करतं.

बिया मात्र आता फेकल्या जातात. पूर्वी उन्हाळाभर गर खाल्ला की बिया राखेने चोळून, धुऊन, गच्चीवर वाळवत आणि दुपारी बायका त्या चिमट्याने सोलत बसत. ब्रज मुलखात जन्माष्टमीच्या प्रसादात त्यांचा पाग किंवा बर्फी लागते, म्हणून श्रावणापर्यंत डबा भरलेला असे. त्या बियांत तेल आणि प्रथिनं भरपूर. दिवाळीच्या बर्फीवर जो मगज तुम्ही पेराल तो बहुतेक टरबुजाचा असेल आणि त्यातला बराचसा माल सुदानमधून जहाजाने येत आला आहे. पुढच्या मे महिन्यात एका खरबुजाच्या बिया धुऊन वाळवून बघा. सोलायला कंटाळवाण्या आहेत. पण तव्यावर मीठ घालून भाजल्या तर सालासकट खाता येतात.